जीर्णोद्धार कशाचा? : लास पिन्यासच्या बांबूच्या ऑर्गनसंबंधी काही विचार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण मराठीत फार सैलपणे वापरतो. जुने चर्च पाडून त्या जागी सिमेंटचे नवे उभे केले, तरी कोनशिलेवर 'जीर्णोद्धार' असेच कोरले जाते. वास्तविक या शब्दात दोन पदे आहेत आणि दोहोंनाही अर्थ आहे. जे जीर्ण झाले त्याचाच उद्धार व्हावयाचा असतो. जीर्ण वस्तू दूर सारून तिच्या जागी दुसरी आणली, तर त्याला बदली म्हणावे; उद्धार म्हणू नये. आपल्या श्रद्धेतही उद्धाराची कल्पना याहून वेगळी नाही. उत्थित प्रभूने थोमाला दाखविलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण होते. तो देह नवा होता, तरी तो दुसऱ्या कोणाचा नव्हता.

चर्चमधील जुन्या वस्तूंच्या जीर्णोद्धाराची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. केवळ तत्त्वे मांडून तो स्पष्ट होणार नाही, म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवू. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या दक्षिणेस लास पिन्यास येथील संत योसेफाच्या चर्चमध्ये बांबूच्या नळ्यांचा एक ऑर्गन आहे. तो आशिया खंडात एका धर्मगुरूच्या हातून घडला, भूकंप व वादळे यांनी मोडला, अनेक वर्षे मुका पडला, आणि १९७३ ते १९७५ या काळात त्याचा विधिवत जीर्णोद्धार झाला. त्याच्याविषयी दोन प्रकारची स्तुती वारंवार ऐकू येते. एक, तो जगातील एक आश्चर्य आहे. दुसरी, तो ख्रिस्ती उपासनेच्या देशीकरणाचा आद्य नमुना आहे. दोन्ही विधानांत काही तथ्य आहे. परंतु दोन्हींमुळे मूळ गोष्ट झाकली जाते, असे या लेखकाचे मत आहे.

वाद्याची रचना

आपल्याकडे 'ऑर्गन' म्हटले की डोळ्यांपुढे पायपेटी येते. संगीत नाटकांच्या रंगभूमीने ती मराठी माणसाच्या परिचयाची केली, आणि आपल्या काही चर्चमध्येही ती अजून आहे. पायपेटीत व हातपेटीत पितळी सूर बसविलेले असतात. हवेच्या झोताने त्यांची जीभ कंप पावते व नाद उमटतो. नळ्यांच्या ऑर्गनचे तत्त्व बहुतांशी निराळे आहे. त्याचे नाते पेटीपेक्षा बासरीशी अधिक जवळचे. प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र नळी असते. नळीच्या तोंडाशी हवेचा पातळ झोत धारेवर आदळतो आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. नळी जितकी लांब, तितका स्वर खर्जातला. भाते हवा पुरवितात. ती वायुपेटीत दाबाखाली साठते. वादकाने पट्टी दाबली की तिच्याशी जोडलेली झडप उघडते आणि वर उभ्या असलेल्या नळीत हवा शिरते. नळ्यांच्या कोणत्या रांगा बोलाव्यात हे 'स्टॉप' नावाचे खटके ओढून ठरविले जाते. तुतारीच्या जातीच्या नळ्यांत मात्र पेटीप्रमाणेच पितळी जीभ असते, आणि तिचा कंप वरच्या नळीत घुमून बाहेर पडतो.

लास पिन्यासच्या ऑर्गनमध्ये एकूण १,०३१ नळ्या आहेत. त्यांपैकी ९०२ बांबूच्या आणि १२९ धातूच्या आहेत. म्हणजे शब्दशः नऊशे बासऱ्या एका चौकटीत उभ्या आहेत असे म्हणावयास हरकत नाही. स्वरपट्ट्यांची रांग एकच आहे. परंतु स्पॅनिश पद्धतीप्रमाणे तिचे खालचा व वरचा असे दोन भाग पडतात आणि प्रत्येक भागाला वेगळे स्टॉप लावता येतात. त्यामुळे डाव्या हाताखाली एका जातीचा नाद आणि उजव्या हाताखाली दुसऱ्या जातीचा नाद ठेवता येतो. धातूच्या तुताऱ्या ऑर्गनच्या दर्शनी भागातून आडव्या बाहेर आलेल्या आहेत. हीही स्पेनची रीत. पक्ष्यांच्या किलबिलाटाचा भास करून देणारा एक स्टॉपही त्यात आहे. सारांश, वाद्याचा आराखडा पूर्णतः युरोपीय, त्यातही स्पॅनिश आहे. बदलले आहे ते द्रव्य.

बांधणारा धर्मगुरू

हा ऑर्गन बांधणारे फादर दिएगो सेरा हे ऑगस्टिनियन रिकलेक्ट संघाचे धर्मगुरू. त्यांचा जन्म १७६२ मध्ये स्पेनमधील ग्राउस या गावी झाला. १७९२ मध्ये ते फिलिपिन्सला आले आणि १७९५ च्या अखेरीस लास पिन्यासचे धर्मगुरू झाले. मनिला उपसागराच्या काठचे हे गाव मासेमारी व मिठागरे यांवर जगणारे होते. त्याच एका धर्मग्रामात ते १८३२ पर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस वर्षे राहिले, आणि त्याच वर्षी मरण पावले. गावचे दगडी चर्च त्यांच्याच देखरेखीखाली १७९७ ते १८१९ या काळात उभे राहिले.

ऑर्गनचे काम त्यांनी १८१६ मध्ये आरंभिले. प्रथम बांबू तोडून समुद्रकाठच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेविला. कीड लागणारा बांबू वाळूतच ओळखू येईल आणि जो शाबूत निघेल तो टिकेल, हा त्यामागील हिशेब होता. बांबूला आतून भोके पाडणारा किडा किती लवकर निकामी करतो, हे कोकणात किंवा बेळगाव-खानापूरच्या बाजूस राहणाऱ्या वाचकास सांगावयास नको. सेरांचा हिशेब अचूक ठरला, याचा पुरावा दोन शतकांनंतरही उभा आहे. १८२१ पर्यंत ऑर्गन वाजू लागला. परंतु तुताऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. तुतारीचा खणखणीत नाद बांबूतून हवा तसा निघेना, तेव्हा सेरांनी त्या धातूच्या केल्या आणि १८२४ मध्ये काम पुरे झाले.

या शेवटच्या तपशिलाकडे टीकाकारांनी जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही. सेरांना बांबूचा हट्ट असता, तर त्यांनी बांबूच्याच तुताऱ्या बसविल्या असत्या आणि त्या बेसूर वाजत राहिल्या असत्या. तसे त्यांनी केले नाही. जेथे बांबू पुरा पडला तेथे बांबू, जेथे पडला नाही तेथे धातू, हा त्यांचा नियम होता. हा नियम कारागिराचा आहे, तसाच तो उत्तम पाळकाचाही आहे. उपासनेची गरज प्रथम आणि आपली कल्पना नंतर, असा क्रम त्यात आहे.

देशीकरणाच्या स्तुतीविषयी

आता दुसऱ्या स्तुतीचा विचार करू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केले. त्यात लॅटिन परंपरेतील ऑर्गनला मोठा मान दिला आहे, आणि त्याच परिच्छेदात इतर वाद्यांनाही, ती पवित्र कार्यास योग्य असतील, मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेशी असतील आणि श्रद्धावंतांची उन्नती साधत असतील तर, प्रवेश दिला आहे. त्याच्या आधीच्या परिच्छेदात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असे म्हटले आहे. हे वाचल्यावर लास पिन्यासच्या ऑर्गनकडे बोट दाखवून, 'पाहा, परिषदेच्या दीडशे वर्षे आधीच हे घडले होते,' असे म्हणण्याचा मोह होतो.

हा मोह आवरला पाहिजे. फिलिपिन्सच्या बेटांवर बांबूची वाद्ये सेरांच्या पूर्वीपासून होती. परंतु सेरांनी त्या वाद्यांना चर्चमध्ये आणले नाही. त्यांनी स्पेनच्या वाद्याला त्या बेटांचा बांबू दिला. ऑर्गनवर जे संगीत वाजावयाचे ते युरोपीय होते, आणि त्यामागे स्पेनची राजसत्ता होती. हे सारे नाकारून त्यांना देशीकरणाचे आद्य पुरस्कर्ते ठरविणे म्हणजे आपल्या काळचे शब्द त्यांच्या तोंडी घालणे होय. इतिहासाशी असा व्यवहार करणे प्रामाणिकपणाचे नाही, आणि देशीकरणाच्या चळवळीलाही ते हितकारक नाही. द्रव्य बदलले म्हणजे देशीकरण झाले असे एकदा मानले, की वेदीवर समई ठेवून आणि पेटीऐवजी तंबोरा आणून आपले कर्तव्य संपले असे वाटू लागते.

तरीही सेरांच्या कामात या विषयासंबंधी शिकण्यासारखे काही आहे, आणि ते द्रव्यापेक्षा खोल आहे. बांबू निवडताना त्यांना बांबू जाणणाऱ्या माणसांवर अवलंबून राहावे लागले असणार. कोणत्या ऋतूत तोडावा, किती सुकवावा, पेरे कोठे कापावे, हे ज्ञान स्पेनमधून आणता येत नव्हते. ते गावात होते. ऑर्गनचा आराखडा परका राहिला, पण तो उभा राहण्यासाठी गावाच्या हातांची गरज लागली. देशीकरणाची सुरुवात कोठे झाली असे विचारल्यास, ती या गरजेत झाली असे म्हणावे लागेल. तिची परिणती होण्यास मात्र आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली. ती कशी झाली हे पाहण्यासाठी प्रथम वाद्याची पडझड पाहिली पाहिजे.

पडझड आणि डागडुजी

फिलिपिन्स हा भूकंपांचा आणि वादळांचा प्रदेश. १८६३ च्या भूकंपाने मनिला व परिसर उद्ध्वस्त केला. १८८० मध्ये पुन्हा मोठे धक्के बसले. त्यांच्या जोडीला वादळे होतीच. चर्चचे छप्पर मोडले की ऑर्गनवर पाऊस पडतो, आणि नळ्यांच्या ऑर्गनला पाण्याइतका दुसरा शत्रू नाही. चामडे कुजते, लाकूड फुगते, झडपा चिकटतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ऑर्गन बराच काळ निरुपयोगी होऊन पडला आणि त्याच्या नळ्या काढून ठेवाव्या लागल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बेल्जियन मिशनऱ्यांनी त्याची डागडुजी केली आणि १९१७ च्या सुमारास तो पुन्हा वाजू लागला. परंतु त्याला पूर्वीची शक्ती आली नाही.

या काळाकडे केवळ दुर्दशेचा काळ म्हणून पाहू नये. ज्या कोणी मुक्या नळ्या सुटसुटीत करून कोरड्या जागी ठेवल्या, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांना ऑर्गन दुरुस्त करता येत नव्हता. पण तो टाकून द्यावयाचा नाही, एवढे त्यांना कळत होते. पुढे १९७३ मध्ये तज्ज्ञांना जे काम करता आले, ते या अनामिक राखणदारांमुळे. आपल्या चर्चच्या माळ्यावर, वेस्ट्रीच्या कपाटात आणि घंटाघराच्या जिन्याखाली असे किती मुके अवशेष पडले असतील, आणि 'अडगळ' म्हणून त्यांतील किती दरवर्षी विकले जात असतील, याचा विचार प्रत्येक धर्मगुरूने करावा.

१९७३ ते १९७५

प्रत्यक्ष जीर्णोद्धाराचे काम जर्मनीतील बॉन येथील योहानेस क्लाइस यांच्या कारखान्याकडे सोपविण्यात आले. १८८२ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना ऑर्गनबांधणीत नामांकित आहे. १९७३ मध्ये ऑर्गन सुटा करून समुद्रापार पाठविण्यात आला. बॉनमध्ये एक अडचण होती. बांबू व लाकूड ही जिवंत द्रव्ये आहेत. हवेतील दमटपणानुसार ती फुगतात व आकसतात. ऱ्हाईन नदीकाठच्या कोरड्या, थंड हवेत नीट बसविलेला सांधा मनिलाच्या दमट उष्म्यात बिघडला असता. म्हणून कारखान्यात एक खास खोली तयार करून तीत उष्ण कटिबंधातील हवामान कृत्रिम रीतीने राखण्यात आले आणि काम त्या हवेत झाले. इकडे लास पिन्यासमध्ये त्याच काळात चर्चच्या इमारतीचाही जीर्णोद्धार चालू होता. फिलिपिनो वास्तुशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को मन्योसा यांचा त्यात प्रमुख भाग होता. मार्च १९७५ मध्ये ऑर्गन परतला. लोकांनी मिरवणुकीने त्याचे स्वागत केले. ९ मे १९७५ रोजी त्याचे पहिले सार्वजनिक वादन झाले.

या कामाची तांत्रिक बाजू प्रशंसनीय आहे यात शंका नाही. विशेषतः दोन निर्णय अनुकरणीय वाटतात. पहिला, वाद्य आणि वास्तू यांचा एकत्र विचार. गळक्या छपराखाली दुरुस्त ऑर्गन ठेवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. आणि नळ्यांच्या ऑर्गनच्या बाबतीत तर चर्चची इमारत हीच त्याची घुमटी असते. छत, भिंती, फरशी यांवरून परतणारा नाद हा वाद्याचाच भाग होय. दुसरा, ऑर्गनला त्याची हवा देण्याचा. वाद्य जेथे जगणार आहे तेथील हवेतच ते घडले पाहिजे, हे क्लाइसच्या कारागिरांनी ओळखले. सेरांच्या आराखड्यात 'सुधारणा' करून बांबूच्या जागी सर्वत्र धातू बसविणे कदाचित सोपे गेले असते. तसे झाले नाही म्हणूनच त्याला जीर्णोद्धार म्हणता येते.

दोन आक्षेप

तथापि, दोन आक्षेप गंभीरपणे घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप पैशाचा व सत्तेचा. फिलिपिन्समध्ये सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा जारी झाला आणि दुसऱ्याच वर्षी ऑर्गन बॉनला गेला. ज्या देशात विरोधक तुरुंगात होते आणि मनिलाच्या झोपडपट्ट्यांत माणसे उपाशी होती, तेथे एका वाद्यावर एवढा व्यय का, असे कोणी विचारल्यास त्याला अरसिक म्हणून झटकून टाकता येणार नाही. अशा काळात सत्तेला सांस्कृतिक वैभवाची सावली हवी असते, आणि ख्रिस्तसभेने ती नकळत पुरविण्याचा धोका असतो. या प्रश्नावर आपण बहुधा बेथानीतील स्त्रीने फोडलेल्या सुगंधी तेलाच्या कुपीचा दाखला देतो. हा दाखला जपून वापरावा. त्या स्त्रीने आपले स्वतःचे तेल ओतले होते, दुसऱ्याचे नव्हे. आणि ज्याच्यासाठी ओतले तो स्वतः दरिद्री होता व मरणाच्या वाटेवर होता. सौंदर्यावर केलेला खर्च तेव्हाच समर्थनीय ठरतो, जेव्हा ते सौंदर्य गरिबालाही आपले वाटते. लास पिन्यासच्या बाबतीत निर्णायक गोष्ट अशी की, ऑर्गन कोणत्याही राजवाड्यात किंवा संग्रहालयात गेला नाही. तो धर्मग्रामाच्या चर्चमध्ये परत आला. मिठागरात राबणारा मनुष्यही रविवारी त्याच्याखाली बसू शकत होता. आक्षेप याने सर्वस्वी नाहीसा होत नाही. पण त्याची धार पुष्कळ कमी होते.

दुसरा आक्षेप 'आश्चर्य' या पदवीसंबंधी आहे. फेब्रुवारी १९७६ पासून लास पिन्यासमध्ये दरवर्षी आंतरराष्ट्रीय ऑर्गन महोत्सव भरतो आणि देशोदेशींचे वादक तेथे येतात. २००३ मध्ये या ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून घोषित करण्यात आले. या मानाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु आश्चर्य ही पाहण्याची गोष्ट आहे आणि उपासना ही सहभागी होण्याची. आश्चर्यासमोर माणूस प्रेक्षक होतो. चर्चमधील एखादी वस्तू जसजशी प्रसिद्ध होते तसतशी उपासक मंडळी तिच्यापासून दूर सरकते, असा अनुभव अनेक ठिकाणचा आहे. जुन्या गोव्यातील चर्चमध्ये रोज किती पावले छायाचित्रे घेण्यासाठी येतात आणि किती गुडघे टेकण्यासाठी, हे तेथील वाचकांस ठाऊक आहे.

ऑर्गन कशासाठी, याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या विधीतच आहे. अलीकडचे उदाहरण पॅरिसचे. १५ एप्रिल २०१९ रोजी तेथील नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली. तेथील सुमारे आठ हजार नळ्यांचा महाऑर्गन जळाला नाही. परंतु वितळलेल्या छपराच्या शिशाची धूळ त्याच्या अंगोपांगी बसली. तो सुटा करून, साफ करून, पुन्हा उभारून ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रल उघडताना त्याला पुनरपि जागविण्यात आले. त्या वेळी आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा संबोधून साद घातली आणि प्रत्येक सादेला ऑर्गनने उत्तर दिले. या सादांत त्याच्या नळ्या किती, त्याचे वय किती, त्यावर खर्च किती, याचा उच्चार नाही. देवाची स्तुती करणे, मंडळीच्या प्रार्थनेला आधार देणे, दुःखितांना दिलासा देणे, अशी कामे त्याला नेमून दिली जातात. विधीच्या दृष्टीने ऑर्गन हा एक सेवक आहे, आणि सेवकाला जागे करण्याचे कारण त्याची सेवा हेच असते.

जीर्णोद्धार केव्हा पूर्ण झाला?

या दृष्टीने पाहता ९ मे १९७५ हा दिवस लास पिन्यासच्या जीर्णोद्धाराचा शेवट नव्हता. त्या दिवशी ऑर्गन उत्तम वाजला. पण एखादी झडप अडली, एखाद्या नळीला तडा गेला, तर बॉनकडेच पाहावे लागेल, अशी स्थिती होती. ज्या वाद्याची नाडी त्याच्या गावात कोणाला कळत नाही, ते कितीही सुरेल असले तरी तेथे पाहुणेच असते.

ही उणीव पुढे भरून निघाली, आणि ती भरून काढण्याची रीत आपल्या अभ्यासाचा विषय व्हावी. १९६९ मध्येच त्या धर्मग्रामात मुलांचा गायकवृंद स्थापन झाला होता. म्हणजे ऑर्गन परत येण्यापूर्वी त्याच्याबरोबर गाणारे कंठ तयार होत होते. पुढे एका फिलिपिनो तरुणाने ऑस्ट्रियात आणि बॉनमध्ये ऑर्गनबांधणीचे शिक्षण घेतले. १९९४ मध्ये लास पिन्यासमध्येच ऑर्गनबांधणीची एक कार्यशाळा निघाली आणि तिला दिएगो सेरा यांचेच नाव देण्यात आले. २००३-०४ मध्ये बांबूच्या ऑर्गनचे पुन्हा मोठे काम निघाले, तेव्हा त्याला समुद्र ओलांडावा लागला नाही. त्याच कार्यशाळेने ते तेथेच केले. याच कारागिरांनी पुढे २००८ मध्ये बोहोल बेटावरील बाक्लायोनच्या १८२४ च्या ऑर्गनचाही जीर्णोद्धार केला. पहिला जीर्णोद्धार पाहुण्यांनी केला आणि दुसरा घरच्यांनी. या दोहोंमध्ये जी तीस वर्षे गेली, त्यांत वाद्याइतकीच माणसेही घडली. सेरांनी बांबूची निवड करून ज्या देशीकरणाची नकळत सुरुवात केली होती, ते येथे फळास आले. ते फळ द्रव्यात नसून हातांत आहे.

आपल्या परंपरेतील एक साक्ष

मराठी ख्रिस्ती वाचकाला येथे एक समांतर घटना आठवल्यावाचून राहणार नाही. सेरांनी बांबू तोडावयास घेतला त्याच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात रायतूर येथे छापले गेले. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने ख्रिस्तकथा ओवीत सांगितली. सेरांनी परक्या आराखड्याला देशी द्रव्य दिले. स्टीफन्सनी परक्या कथेला देशी छंद व देशी भाषा दिली. स्टीफन्स अधिक खोलवर गेले, कारण भाषा ही बांबूपेक्षा माणसाच्या अधिक जवळची आहे. पण दोघांच्या कृती टिकल्या त्या एकाच मार्गाने. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ च्या फर्मानाने देशी भाषेवरच गदा आली. सतराव्या शतकातील त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकलून ठेविलेल्या पोथ्यांमुळे, आणि त्या गाणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांमुळे. त्या पोथ्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. छापखान्याने जे गमावले ते नकलून घेणाऱ्यांनी राखले. 'परंपरा' म्हणजे हातोहात पुढे जाणे, याहून तिची दुसरी व्याख्या नको.

आपल्यापुढील प्रश्न

आपल्यापैकी फारच थोड्यांच्या चर्चमध्ये नळ्यांचा ऑर्गन असेल. पायपेटी, हातपेटी, जुनी घंटा, हस्तलिखित गीतांची वही, कीर्तनाची झांज, यांपैकी काही ना काही मात्र प्रत्येक धर्मग्रामात असते, आणि कधी ना कधी तिच्या दुरुस्तीसाठी किंवा बदलीसाठी वर्गणी गोळा होते. तेव्हा पावतीपुस्तक छापण्यापूर्वी चार प्रश्न मंडळीपुढे ठेवावेत, अशी सूचना करावीशी वाटते.

पहिला, ही वस्तू गेली तर उपासनेतून नेमके काय जाईल? दुसरा, दुरुस्तीस हात लावण्यापूर्वी तिची आहे ती स्थिती कोणी लिहून, मोजून, छायाचित्रे घेऊन ठेविली आहे काय? कारागिराने काढलेला जुना सूर किंवा जुनी नळी फेकून न देता जपून ठेवली जाणार आहे काय? तिसरा, ज्या छपराखाली ती राहणार ते गळते काय? चौथा व सर्वांत महत्त्वाचा, दहा वर्षांनी ती कोण वाजवील आणि कोण सांभाळील, त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव आज सांगता येते काय?

चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर वर्गणीतील काही भाग वस्तूऐवजी त्या मुलाच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. आपले अनेक धर्मशिक्षक स्वतः पेटी वाजवितात. त्यांनी रविवारच्या वर्गातून दोन मुले निवडून त्यांना केवळ गीतांच्या चाली न शिकविता, पेटी उघडून तिचा भाता, झडपा व सूर दाखवावेत. सुरावर धूळ बसली तर ती कशी काढावी, पावसाळ्यात पेटी कोठे ठेवावी, हे सांगावे. यास खर्च जवळजवळ नाही. लास पिन्यासला यासाठी दोन शतके व एक समुद्रप्रवास लागला. आपल्याला त्याची आवश्यकता नाही. परंतु आरंभ केला पाहिजे, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी केला तर अधिक चांगले.